सेव्हन्थ कॉर्ड्स स्केलमधूनच कशा काढायच्या : मेजर आणि मायनर, पायरीपायरीने

गिटार किंवा कीबोर्ड शिकणाऱ्यांच्या वहीत पहिल्या काही महिन्यांत एक पान हमखास तयार होतं. सी मेजर सेव्हन, डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, बी मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह, आणि प्रत्येकीसमोर बोटांचं चित्र. पान पाठ होतं. पण जी कॉर्डला नुसतं ‘सेव्हन’ आणि सी कॉर्डला ‘मेजर सेव्हन’ का म्हणायचं, हे त्या पानावर कुठेच नसतं. मग गाण्याची पट्टी बदलली की नवं पान आणि नवं पाठांतर सुरू होतं.

खरं तर पाठ करण्यासारखं इथे फार थोडं आहे. एका स्केलवर एकच कृती सात वेळा केली की सातही कॉर्ड्स हातात येतात, आणि कुठली कॉर्ड कुठल्या जातीची हे ती स्केलच ठरवते. त्या सातांत एक कॉर्ड अशी असते, जी ऐकणाऱ्याला सा कुठे आहे ते सांगते. मेजरमध्ये ती आयती मिळते, मायनरमध्ये एक स्वर बदलून मिळवावी लागते. नवशिक्यांना मायनर किचकट वाटतं ते या एका स्वरामुळे, म्हणून या लेखात त्याच्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे.

आधी मांडणी

वाद्य कुठलंही चालेल, पण सुरुवात पेटीवर किंवा कीबोर्डवर करा, कारण तिथे अंतरं डोळ्यांना दिसतात. पांढरी एक म्हणजे सी. तोच सध्या आपला सा. तिथून काळ्या पट्ट्यांना हात न लावता ओळीने वर गेलं की सी, डी, ई, एफ, जी, ए, बी अशी सी मेजर स्केल होते. सरगममध्ये सा रे ग म प ध नि, सगळे शुद्ध, म्हणजे बिलावल थाट.

अंतर अर्धस्वरांत मोजायचं. एका पट्टीवरून अगदी लगतच्या पट्टीवर गेलं, मग ती काळी असो की पांढरी, की एक अर्धस्वर झाला. सा ते रे दोन अर्धस्वर, कारण मध्ये काळी एक येते. ग ते म मात्र एकच, मध्ये काळी पट्टीच नाही. नि ते वरचा सा हेही एकच. बाकी सगळीकडे दोन. ही असमान वाटणी नीट डोक्यात बसू द्या, कारण सगळी अंतरं सारखी असती तर सातही कॉर्ड्स एकाच जातीच्या निघाल्या असत्या.

‘डायटॉनिक’ या भारदस्त शब्दाचा इथला अर्थ इतकाच, की कॉर्डमध्ये त्या स्केलबाहेरचा स्वर घ्यायचा नाही.

पायरी १ : एक सोडून एक

सा वाजवा, रे सोडा, ग घ्या, म सोडा, प घ्या. ही झाली साधी तीन स्वरांची कॉर्ड, ट्रायड. आता त्याच चालीने आणखी एक पाऊल टाका. ध सोडा, नि घ्या. सा-ग-प-नि. सा पासून मोजलं तर नि सातवा, म्हणून ही सेव्हन्थ कॉर्ड.

आता हीच कृती रे पासून करा, मग ग पासून, आणि अशी नि पर्यंत जा. हात तोच ठेवून एक-एक पांढरी पट्टी पुढे सरकवला तरी चालतं.

सा ग प नि : सी मेजर सेव्हन
रे म ध सा : डी मायनर सेव्हन
ग प नि रे : ई मायनर सेव्हन
म ध सा ग : एफ मेजर सेव्हन
प नि रे म : जी सेव्हन
ध सा ग प : ए मायनर सेव्हन
नि रे म ध : बी मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह

नावं अजून पाठ करू नका. प्रत्येक कॉर्ड सावकाश, आधी एकेक स्वर आणि मग चारही एकदम, अशी दोन-तीन वेळा वाजवून ऐका. हाताचा आकार एकच असूनही आवाजाची जात बदलते हे कानाला कळलं पाहिजे.

पायरी २ : अंतरं मोजा, नाव आपोआप कळेल

कॉर्डमधल्या चार स्वरांमध्ये तीन अंतरं असतात. प्रत्येक अंतर एकतर चार अर्धस्वरांचं असतं किंवा तीन. सा ते ग चार, ग ते प तीन, प ते नि चार. म्हणजे ४-३-४. ही मेजर सेव्हन. मऊ आणि थोडी स्वप्नाळू वाटणारी कॉर्ड, कारण तिच्यात नि आणि सा यांची टक्कर आहे, पण ती दूरवरून, जवळजवळ एका सप्तकाच्या अंतरावरून होते.

प पासून मोजा. प ते नि चार, नि ते रे तीन, रे ते म तीन. ४-३-३. खालचा ट्रायड मेजरच आहे, फक्त सातवा स्वर एका अर्धस्वराने खाली आलाय. ही डॉमिनंट सेव्हन, चार्टवर नुसतं ‘जी सेव्हन’ लिहितात ती. ‘मेजर’ हा शब्द ट्रायडबद्दल नसून सातव्या स्वराबद्दल आहे, हे इथे लक्षात येतं, आणि वहीतल्या त्या पानाचा अर्धा गोंधळ मिटतो.

रे, ग आणि ध वरच्या तिन्ही कॉर्ड्स ३-४-३ निघतात. या मायनर सेव्हन. उरली नि वरची, ३-३-४. तिला मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह म्हणा किंवा हाफ डिमिनिश्ड म्हणा, कॉर्ड एकच. छापील चार्टवर ती छेद दिलेल्या छोट्या वर्तुळाने दाखवतात आणि मेजर सेव्हनसाठी बऱ्याचदा त्रिकोण काढतात.

मेजर स्केलमध्ये पहिली आणि चौथी कॉर्ड मेजर सेव्हन असते, दुसरी, तिसरी आणि सहावी मायनर सेव्हन, पाचवी डॉमिनंट, सातवी हाफ डिमिनिश्ड. ही एवढी ओळ मात्र पाठ करा. सा कुठेही ठेवला तरी क्रम हाच राहतो. पांढरी पाच, म्हणजे जी, सा धरला तर जी मेजर सेव्हन, ए मायनर सेव्हन, बी मायनर सेव्हन, सी मेजर सेव्हन, डी सेव्हन, ई मायनर सेव्हन आणि शेवटी एफ शार्प मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह.

गिटारवाल्यांसाठी सी मेजरचे सोपे आकार देतो. प्रत्येक आकडा म्हणजे त्या तारेवर दाबायचा फ्रेट, आणि आकडे जाड तारेपासून बारीक तारेकडे वाचायचे. × असेल ती तार वाजवायची नाही, शून्य म्हणजे मोकळी तार. सी मेजर सेव्हन ×३२०००, डी मायनर सेव्हन ××०२११, ई मायनर सेव्हन ०२००००, एफ मेजर सेव्हन ××३२१०, जी सेव्हन ३२०००१, ए मायनर सेव्हन ×०२०१०, बी मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह ×२३२३×. एकाही आकारात बार, म्हणजे एकाच बोटाने अनेक तारा आडव्या दाबणं, धरावा लागत नाही.

पेटीवाल्यांची अडचण वेगळी. डावा हात भात्यावर असतो, आणि खालच्या सप्तकात चार स्वर दाटीने वाजवले की नुसता गोंगाट होतो. उपाय साधा आहे. मधल्या सप्तकात वाजवा आणि कॉर्डचा पाचवा स्वर सोडून द्या. सा-ग-नि एवढंच वाजवलं तरी मेजर सेव्हन पुरेपूर ऐकू येते, कारण कॉर्डची जात तिसरा आणि सातवा स्वर ठरवतात. हाफ डिमिनिश्डला मात्र ही सूट नाही, तिचा पाचवा स्वर खाली उतरलेला आहे आणि तोच तिची ओळख आहे.

पायरी ३ : पाचवी कॉर्ड वेगळी का वाटते

जी सेव्हन वाजवा आणि थांबा. अपुरं वाटतं. आता सी वाजवा. सुटल्यासारखं वाटतं. हे कशामुळे होतं ते अगदी जवळून पाहू.

जी सेव्हनचे स्वर प नि रे म. यातून फक्त नि आणि वरचा म एकत्र वाजवा. त्यांच्यात सहा अर्धस्वर आहेत, सप्तकाचा बरोबर मध्य. ही जोडी स्थिर राहत नाही. नि ला अर्ध्या स्वरावर सा आहे, तो वर जाऊ पाहतो. म ला अर्ध्या स्वरावर ग आहे, तो खाली उतरू पाहतो. दोन्ही स्वर आपापल्या दिशेने अर्धा स्वर सरकले की सा आणि ग मिळतात, म्हणजे सी कॉर्डचा गाभा. नुसते हे चार स्वर, आधी नि-म आणि मग सा-ग, चार-पाच वेळा वाजवा. पुढचा सगळा लेख या एका हालचालीवर उभा आहे.

शुद्ध स्वरांच्या या स्केलमध्ये डॉमिनंट जातीची कॉर्ड एकच आहे, प वरची. म्हणूनच ती ऐकली की कानाला सा चा पत्ता लागतो. मेजर सेव्हन दोन आहेत, मायनर सेव्हन तीन आहेत. त्यांतली एखादी सुटी ऐकून स्केल सांगता येत नाही. गाण्याच्या चार्टमध्ये जी मायनर सेव्हन, सी सेव्हन, एफ मेजर सेव्हन दिसलं, तर सी सेव्हनकडे बोट ठेवा. ती पाचवी असेल तर पहिली एफ, म्हणजे पट्टी पांढरी चार. बी मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्हमध्येही नि आणि म दोन्ही आहेत, किंबहुना जी सेव्हनचे तीन स्वर तिच्यात आहेत. म्हणून ती पुष्कळदा जी सेव्हनच्या जागी चालते.

सातवा स्वर खाली उतरतो हा नियम जुना आहे. युरोपात हा स्वर आधी वाटेवरचा मानला जायचा. तो आधीच्या कॉर्डमधून धरून आणायचा आणि मग सोडवायचा. इटलीत मॉन्तेव्हेर्दी याने अशी पूर्वतयारी न करता विसंवादी स्वर वापरले, तेव्हा आर्तुझी या सिद्धांतकाराने १६०० साली त्याच्यावर छापील टीका केली होती. पुढे सवय झाली आणि तो स्वर कॉर्डचाच भाग बनला. पण उतरण्याची ओढ त्याच्यात अजून तशीच आहे, आणि पुढच्या पायरीत ती बोटांखाली येते.

पायरी ४ : दोन-पाच-एक

दुसरी, पाचवी आणि पहिली कॉर्ड या क्रमाने वाजवायच्या. कीबोर्डवर डाव्या हातात फक्त रूट, म्हणजे ज्या स्वरावरून कॉर्ड सुरू होते तो स्वर, ठेवा. रे, मग प, मग सा. उजव्या हातात:

म ध सा (वरचा)
म प नि
ग प नि

नीट पाहा. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना म जागचा हलत नाही, ध चा प होतो आणि सा चा नि. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना तर फक्त म चा ग होतो. तीन कॉर्ड्स बदलल्या आणि उजवा हात जेमतेम सरकला. डी मायनर सेव्हनचा सातवा स्वर सा होता, तो नि वर उतरला. जी सेव्हनचा सातवा म होता, तो ग वर उतरला. नवशिक्यांची कॉर्ड बदलताना होणारी उड्यांची कसरत इथे संपते, त्यामुळे या तीन ओळींना इतर कशाहीपेक्षा जास्त वेळ द्या.

हा आवाज आपल्या कानांना परका नाही. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत मुंबईच्या फिल्मी वाद्यवृंदात गोव्याहून आलेले, स्टाफ नोटेशन (पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचणारे वादक आणि अरेंजर मोठ्या संख्येने होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड ही त्यातली नावं. रागाच्या अंगाने जाणाऱ्या चालीखाली कुठली कॉर्ड शोभेल हा प्रश्न त्यांना रोजच सोडवावा लागत असे. त्या काळची गाणी ऐकताना अंतऱ्यावरून मुखड्याकडे वळण्याच्या जागेवर कान लावा. पाचवी कॉर्ड पुष्कळदा तिथेच भेटते.

पायरी ५ : मायनर, आणि तो एक स्वर

आता सा हलवायचा. पांढरी सहा, म्हणजे ए, हा नवा सा. तिथून पुन्हा फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवा: ए, बी, सी, डी, ई, एफ, जी. ही ए मायनर, नॅचरल मायनर. नव्या सा वरून पाहिलं तर ग, ध, नि कोमल झाले आहेत, म्हणजे आसावरी थाट.

पट्ट्या त्याच, म्हणून कॉर्ड्सही त्याच. फक्त क्रमांक बदलतात. पहिली ए मायनर सेव्हन, दुसरी बी मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह, तिसरी सी मेजर सेव्हन, चौथी डी मायनर सेव्हन, पाचवी ई मायनर सेव्हन, सहावी एफ मेजर सेव्हन, सातवी जी सेव्हन.

इथेच अडचण आहे. डॉमिनंट जातीची एकुलती एक कॉर्ड, जी सेव्हन, आता सातव्या जागी जाऊन बसली आहे, आणि तिचा ओढा अजूनही सी कडेच आहे. मायनरमध्ये गाणं चालू असताना जी सेव्हन जोरात आली की कान सी मेजरकडे वळतो. उलट ज्या पाचव्या कॉर्डने आपल्याला ए कडे आणायचं, ती ई मायनर सेव्हन निघाली, ई-जी-बी-डी. तिच्यात जी आहे, आणि जी पासून ए दोन अर्धस्वर दूर. ओढ नाही. ई मायनर सेव्हन आणि मग ए मायनर वाजवून पाहा. छान वाटतं, पण घाई नाही, गरज नाही, कुठूनही कुठेही गेल्यासारखं वाटतं.

आता जी च्या जागी जी शार्प घ्या, काळी चार. ई, जी शार्प, बी, डी. मोजा, ४-३-३. ई सेव्हन तयार झाली. गिटारवर ०२०१००. ती वाजवून ए मायनर वाजवा. जी शार्प वर ए कडे गेला, डी खाली सी कडे आला. पायरी ३ मधली नि-म ची हालचाल तीच, फक्त म यावेळी कोमल ग वर उतरतो, त्यामुळे त्याला अर्ध्याऐवजी पूर्ण स्वराचा प्रवास करावा लागतो.

नॅचरल मायनरमधला कोमल नि शुद्ध केला की जी स्केल होते ती हार्मोनिक मायनर. नावातच हार्मनी आहे, कारण हा बदल कॉर्डसाठी झाला. गाणाऱ्यांना ती किरवाणीच्या स्वरांत ओळखीची आहे. भातखंड्यांच्या दहा थाटांत ती बसत नाही, कर्नाटक पद्धतीत मात्र एकविसावा मेळकर्ता (थाटासारखी मूळ स्वरावली) म्हणून तिला स्वतःची जागा आहे. कोमल ध आणि शुद्ध नि यांच्यामध्ये तीन अर्धस्वरांची जी फट पडते, तिच्यामुळेच या स्वरावलीला तो ताणलेला, आर्त रंग येतो.

आता सा पुन्हा पांढरी एकवर आणा आणि दोन-पाच-एक मायनरमध्ये वाजवा. डावीकडे तेच रे, प, सा. उजवीकडे:

म, कोमल ध, सा (वरचा)
म प नि
कोमल ग, प, सा (वरचा)

मेजरच्या तीन ओळींशी ताडून पाहा. मधली ओळ तंतोतंत तीच आहे. सा एकच ठेवला तर मेजर असो की हार्मोनिक मायनर, पाचवी सेव्हन्थ कॉर्ड एकच, प नि रे म. बदलतात फक्त ग आणि ध. माझ्या मते मायनर शिकवण्याची सगळ्यात सरळ वाट हीच आहे. पांढरी एक सा ठेवून आधी मेजरचं दोन-पाच-एक वाजवा, मग ग आणि ध कोमल करून तेच वाजवा, आणि ए मायनरकडे त्यानंतर या. शेवटच्या ओळीत मी नि ऐवजी सा दिला आहे, त्याचं कारण पुढे येतं.

पायरी ६ : मायनरमधलं काय खरंच वापरायचं

हार्मोनिक मायनरवर ‘एक सोडून एक’ ही कृती पूर्ण केली, तर ए पासून काय मिळतं ते पाहू.

पहिली ए-सी-ई-जी शार्प, ३-४-४, ए मायनर मेजर सेव्हन. गिटारवर ×०२११०. कागदावर ही मुक्कामाची कॉर्ड, पण ऐकायला अस्वस्थ आहे. म्हणून शेवटाला साधी ए मायनर किंवा ए मायनर सेव्हन घेतात. मात्र एका ठिकाणी ती फार सुंदर लागते. ए मायनर धरून वरचा सा एकेक अर्धस्वर उतरवत न्या, ए, जी शार्प, जी, एफ शार्प. कॉर्ड्स होतात ए मायनर, ए मायनर मेजर सेव्हन, ए मायनर सेव्हन, ए मायनर सिक्स. गिटारवर हे सगळं जवळजवळ एकाच जागेवर होतं. जरूर करून पाहा.

दुसरी बी मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह, चौथी डी मायनर सेव्हन आणि सहावी एफ मेजर सेव्हन जशाच्या तशा राहतात, कारण त्यांच्यात जी नाहीच. तिसरी सी-ई-जी शार्प-बी अशी ताणलेली ऑगमेंटेड होते. सुरुवातीला तिच्या वाटेला जाऊ नका, साधी सी मेजर सेव्हनच वापरा.

सातवी महत्त्वाची आहे. जी शार्प, बी, डी, एफ. ३-३-३. ही पूर्ण डिमिनिश्ड सेव्हन, चार्टवर नुसतं छोटं वर्तुळ. गिटारवर ××०१०१. हाफ डिमिनिश्डशी तिची गल्लत सतत होते, म्हणून शेवटचं अंतर मोजा. चार असेल तर हाफ, तीन असेल तर पूर्ण. सगळी अंतरं सारखी असल्यामुळे तिच्या चारपैकी कुठलाही स्वर रूट धरला तरी कॉर्ड तीच राहते. बारा अर्धस्वरांत अशा वेगळ्या कॉर्ड्स फक्त तीनच आहेत. तिन्ही शिकायला एक संध्याकाळ पुरते. ई सेव्हनचे तीन स्वर तिच्यात असल्यामुळे ती ई सेव्हनच्या जागी, किंवा ई सेव्हनच्या आधी, ए मायनरकडे नेते.

म्हणजे मायनरमध्ये एकच स्केल धरून बसायचं नसतं. जी आणि जी शार्प दोन्ही हाताशी ठेवायचे. ए मायनरकडे जायचं असेल तेव्हा पाचव्या आणि सातव्या कॉर्डमध्ये जी शार्प, बाकी वेळी जी. पुस्तकं तीन मायनर स्केल्स वेगवेगळ्या छापतात, आणि त्यामुळे गाणं कुठल्यातरी एकाच स्केलमध्ये असणार असा समज होतो. गाण्यात त्या मिसळूनच येतात.

तिसरी म्हणजे मेलोडिक मायनर, जिच्यात ध सुद्धा शुद्ध होतो. कर्नाटक पद्धतीत गौरीमनोहरी. ती तीन अर्धस्वरांची फट गळ्याला अवघड म्हणून पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात चढताना हे स्वर घेतात आणि उतरताना नॅचरल मायनर. कॉर्डच्या दृष्टीने तिचा एक ठळक परिणाम म्हणजे चौथी कॉर्ड डी सेव्हन होते. ए मायनरच्या गाण्यात डी सेव्हन दिसली की बिचकू नका, एफ शार्प इथून आला आहे.

पायरी ७ : सगळ्यांना एका साखळीत ओवा

आतापर्यंतच्या मुख्य कॉर्ड्स एका ओळीत येतात. ए मायनर सेव्हन, डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन, एफ मेजर सेव्हन, बी मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह, ई सेव्हन, ए मायनर. रूट दर वेळी स्केलमधल्या चौथ्या स्वरावर उडी मारतो. निम्म्या वाटेत जी सेव्हन सी मेजरला नेऊन सोडते, उरलेल्या वाटेत ई सेव्हन ए मायनरला. गिटारवर वर दिलेले आकार एकामागून एक धरा.

कीबोर्डवर उजव्या हातात फक्त दोन स्वर घ्या, प्रत्येक कॉर्डचा तिसरा आणि सातवा. डावीकडे रूट. उजवीकडच्या जोड्या, खालचा स्वर आधी:

सी-जी, सी-एफ, बी-एफ, बी-ई, ए-ई, ए-डी, जी शार्प-डी, ए-सी

दर बदलाला एकच बोट सरकतं, आणि तेही लगतच्या खालच्या स्वरावर. एकदा वरचं, एकदा खालचं. फक्त शेवटी दोन्ही बोटं एकदम हलतात, जी शार्प वर ए ला आणि डी खाली सी ला. मेट्रोनोम ६० वर ठेवा, प्रत्येक कॉर्डला चार मात्रा द्या, आणि हात अडखळेनासा झाला की वाजवता वाजवता प्रत्येक कॉर्डचं नाव मोठ्याने म्हणा. मग एकदा मुद्दाम जी शार्पच्या जागी जी ठेवून शेवट करा. ई सेव्हनची ई मायनर सेव्हन होईल आणि शेवट कसा सैल पडतो ते ऐकू येईल.

गायकाची पट्टी काळी एक असेल तर गिटारवाल्यांनी मेजरच्या गाण्याला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) पहिल्या फ्रेटवर लावून सी चे आकार धरावेत, आणि मायनरच्या गाण्याला चौथ्या फ्रेटवर लावून ए मायनरचे. पट्टी वेगळी असली तरी साखळीतला क्रम बदलत नाही.

कीबोर्डवाल्यांनी मात्र ट्रान्स्पोजचं बटण काही दिवस विसरून हीच साखळी जी मेजर-ई मायनरमध्ये काढावी. ई मायनर सेव्हन, ए मायनर सेव्हन, डी सेव्हन, जी मेजर सेव्हन, सी मेजर सेव्हन, एफ शार्प मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह, बी सेव्हन, ई मायनर. उजव्या हाताच्या जोड्या इथे देत नाही, त्या आधीच्या रीतीने स्वतः शोधा. पडताळणीसाठी एवढं सांगतो, की पहिली जोडी जी-डी असेल, आणि उजव्या हाताला काळ्या पट्ट्या दोनच लागतील. एफ शार्प, म्हणजे काळी तीन, डी सेव्हन आणि जी मेजर सेव्हनमध्ये, आणि डी शार्प, म्हणजे काळी दोन, फक्त बी सेव्हनमध्ये.